मोतिया, बदामी की मातकट: रंगकामाच्या नोंदी

१ नोव्हेंबर

काम तीन जागांचं आहे: बैठकीची खोली, तिथून आत जाणारा बोळ आणि मागची झोपायची खोली. बैठकीला पश्चिमेकडे मोठी खिडकी, मागच्या खोलीला उत्तरेकडे, बोळाला खिडकीच नाही. सध्या भिंतींवर निळसर पांढरा रंग आहे, घराला दवाखान्याची कळा आणणारा. तो घालवून ऊबदार, पण अंगावर न येणारा रंग हवा.

शेडकार्ड उघडण्याआधी घरातलं काय बदलणार नाही ते लिहून काढलं. साय रंगाची, किंचित पिवळट झाक असलेली चकचकीत फरशी. नारिंगी पॉलिशच्या लाकडी चौकटी. गडद तपकिरी सोफा. या तिघांशी पटलं नाही तर रंग कितीही देखणा असला तरी आमच्या उपयोगाचा नाही. त्यातही फरशी महत्त्वाची. खिडकीतून आलेला उजेड आधी तिच्यावर पडतो आणि तिथून उसळून भिंतीवर जातो. म्हणजे फरशीच्या रंगाचा एक हात भिंतीवर फुकटातच बसणार, आणि तो धरूनच शेड निवडायला हवी.

२ नोव्हेंबर

आज फक्त दिवे.

बहुतेक घरांत आधी रंग होतो आणि मग दिवे येतात. मला ते उलटं वाटतं. घरात आपण जास्त वेळ असतो ते संध्याकाळनंतर, आणि तेव्हा भिंतीचा रंग ठरवतो तो दिवा.

आत्ताचे दिवे ६५०० केल्व्हिनचे आहेत. केल्व्हिन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप: आकडा जास्त तितका उजेड निळसर, कमी तितका पिवळसर. त्यांच्या उजेडात निळा भाग जास्त असतो, त्यामुळे कोणताही बदामी रंग मलूल, राखी दिसतो. २७०० च्या दिव्यात निळा कमी आणि पिवळा-लाल जास्त, तिथे तोच रंग पिवळाजर्द व्हायला बघतो. मी ३००० घेतले, आणि तिन्ही जागांना तेच. सोफ्यावर बसलं की बोळ दिसतो आणि बोळातून मागची खोली. दोन ठिकाणी दोन जातींचा उजेड ठेवला, तर एकाच डब्यातला रंग दोन वेगळ्या डब्यांतला वाटेल.

खोक्यावर आणखी एक आकडा बघून घेतला: सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, जास्तीत जास्त १००. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात, मी ९० च्या वरचे घेतले. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल मार खातो, आणि तपकिरी-बदामी रंगांची ऊब त्या लालातूनच येते.

४ नोव्हेंबर

शेडकार्ड घेऊन बसलो. ‘न्यूट्रल’ या भागातला एकही रंग न्यूट्रल नाही. प्रत्येक जण कुठेतरी कललेला: गुलाबीकडे, पिवळ्याकडे, हिरव्याकडे, एखादा जांभळ्याकडेही. एकच चौकोन डोळ्यांसमोर धरला तर काहीच कळत नाही. चार शेजारी ठेवले की एक लगेच गुलाबी होतो, एक हिरवट. त्याहून सोपा उपाय म्हणजे त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघायची. फिक्या टोकाला लपलेली झाक तिथे उघडी पडते. जी शेड आम्हाला ‘साधी क्रीम’ वाटत होती तिच्या पट्टीच्या तळाला स्वच्छ गाजरी रंग निघाला.

पांढऱ्या कागदावर ठेवून झाक ओळखा, असं सगळे सांगतात. छपाईचा कागद यासाठी मला पटत नाही. तो शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनं अतिनील किरणं शोषून निळा उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे त्याच्याशेजारी दिवसा कुठलीही शेड आहे त्यापेक्षा पिवळी दिसते. त्याऐवजी प्रायमर मारलेल्या फळीवर ठेवून बघितलं.

दुसरी गोष्ट एलआरव्हीची. पृष्ठभाग किती उजेड परत देतो त्याचा हा आकडा. ० म्हणजे निव्वळ काळा, १०० म्हणजे निव्वळ पांढरा. शेडच्या मागे किंवा माहितीपत्रकात तो छापलेला असतो. बिनखिडकीच्या बोळामुळे मी ५५ च्या खाली जायचं नाही असं ठरवलं. निवडीत तीन राहिल्या. क: मोतिया, पिवळी झाक, ७४. ख: बदामी, गुलाबी झाक, ६४. ग: मातकट राखी, हिरवट झाक, ५८.

६ नोव्हेंबर

तिन्हींचे छोटे नमुने आणले. भिंतीवर चौकोन रंगवले नाहीत. निळसर भिंतीवर काढलेला बदामी चौकोन निळ्याच्या सोबतीमुळे जास्तच नारिंगी वाटतो, आणि तो चौकोन उचलून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. म्हणून दोन फुटी पातळ फळ्या घेतल्या, प्रायमर मारला, रोलरने दोन हात दिले. ब्रशने नाही, कारण रोलरचे बारीक दाणे उजेड पसरवतात आणि खऱ्या भिंतीवर तेच असणार. मागे शेडचा क्रमांक लिहिला. ओल्या फळ्यांवर मत द्यायचं नाही असं घरात बजावलं, इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं.

७ नोव्हेंबर

आजचा दिवस बघण्याचा. फळ्या उभ्या धरायच्या, आडव्या नाही. टेबलावर पडलेली फळी छताकडचा उजेड घेते, उभी फळी भिंतीसारखा घेते.

सकाळी मागच्या खोलीत. उत्तरेच्या खिडकीतून या दिवसांत ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड, दिवसभर एकसारखा आणि निळसर. क तिथे हिरवट पडला, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. ग निव्वळ राखी, ऊब शून्य. ख मात्र खुलला, त्याच्यातल्या गुलाबीने निळ्याला आवर घातला.

दुपारी बैठकीत तिन्ही ठीक. दुपारच्या पांढऱ्या उजेडात रंग निवडणं सोपं जातं, पण त्यावर विसंबून चालणार नाही.

उन्हं कलल्यावर खरी परीक्षा. पश्चिमेचं तांबूस ऊन फरशीवर आलं, फरशीने ते वर उसळवलं, आणि क फळीचा खालचा अर्धा भाग पिवळाधमक. वरचा अर्धा त्यामानाने शांत. एकाच फळीवर दोन रंग, मधे रेघ नाही. ख फळी जमिनीला टेकवून ठेवली तेव्हा वेगळाच घोळ: फरशी पिवळट, फळी गुलाबी, आणि दोघींपैकी एक मळकी दिसल्याशिवाय राहीना. कधी फरशी, कधी भिंत. पिवळी झाक आणि गुलाबी झाक समोरासमोर आल्या की हे होतंच. दोघी एकट्या असताना निर्दोष असतात.

ग फळी चौकटीला चिकटवून धरली. मोकळ्या भिंतीवर ती सौम्य मातकट होती. नारिंगी लाकडाशेजारी तिच्यात चक्क निळसर-हिरवा थंडपणा आला. याला जुनं स्पष्टीकरण आहे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईची जबाबदारी असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळ्या धाग्याचा काळा फिका पडतो अशी तक्रार आली होती. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांचे रंग त्याला तसं दाखवत होते. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला: शेजारी असलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात. नारिंगीच्या विरुद्ध निळा. राखी रंगात स्वतःचा जोर कमी, म्हणून तो लगेच ढकलला जातो. चौकटी पांढऱ्या असत्या तर ग ला मी कदाचित हो म्हटलं असतं.

रात्री नवे दिवे लावून पुन्हा बघितलं. ख सगळ्यात सुंदर. पण फरशी बदलायची नाही, त्यामुळे बाद.

९ नोव्हेंबर

तिन्ही बाद झाल्यावर काय हवंय ते मात्र नेमकं कळलं: पिवळ्यात थोडा लाल असलेली, दोन्हींचा जोर काळ्याने दाबलेली गव्हाळ शेड. तशी एक मिळाली, एलआरव्ही ६७. तिची फळी करून सकाळ-संध्याकाळ फिरवली. फरशीशी भांडत नाही, चौकटीपाशी थंड पडत नाही, संध्याकाळी तापते पण पेटत नाही. हीच.

रंगारीकाका फळी बघून म्हणाले, “ताई, हिच्यापेक्षा एक घर फिकी घ्या. चार भिंतींवर गेल्यावर रंग चढतो.” त्यांचं म्हणणं खरं आहे. फळी एकटी असते. खोलीत चारही भिंती एकमेकींवर आपला उजेड टाकतात, दर उसळीला रंग थोडा घट्ट होतो, आणि कोपऱ्यात तर सगळ्यात जास्त. बैठक आणि बोळासाठी पट्टीवरची एक घर वरची, ७१ ची शेड घेतली.

मागच्या खोलीत मात्र उलट, मूळ ६७ चीच. यावर घरात वाद झाला. अंधाऱ्या खोलीत फिका रंग हवा, असं ह्यांचं मत. पण निळसर, कमी उजेडात फिक्या रंगातली ऊब आधी मरते आणि उरतो तो करडेपणा. खोली उजळ करायचं काम दिव्याचं. भिंतीने तिथे रंग टिकवून धरावा, एवढंच. शेवटी त्या खोलीत दोन्ही फळ्या शेजारी उभ्या केल्या आणि वाद मिटला.

१२ नोव्हेंबर

भिंतींची तपासणी. मागच्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून आहे आणि तिथे पायापाशी पोपडे, वर पांढरी भुकटी. लोणा. भिंतीतलं पाणी आतले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं, पाणी उडून जातं, क्षार उरतात आणि फुगून रंगाला ढकलतात. यावर नुसता रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीत जिरवणं. पलीकडच्या नळाची गळती आधीच काढून झाली होती, तरी भिंत आतून वाळली का ते बघायला दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी थेंब भिंतीकडच्या बाजूला असले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असले तर हवेतली.

१३ नोव्हेंबर

थेंब भिंतीकडे. ती भिंत थांबवली, पंखा लावून ठेवला. बाकीचं काम सुरू.

१५ नोव्हेंबर

जुन्या रंगाचे सुटलेले पापुद्रे खरवडले. चौकटींवर कुठेही जुना ऑइलपेंट नाही, हे आधी बघून घेतलं. फार जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी घासाई करून धूळ उडवायची नसते.

मग पुट्टीचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर वाळताना तडे जातात. घासाई आधी १२० च्या पॉलिश पेपरने, शेवटी २२० च्या.

रात्री रंगारीकाका नसताना मी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, उजेड भिंतीला समांतर सोडत पूर्ण बैठक बघितली. दिवसा आरशासारखी वाटणारी भिंत त्या उजेडात शेतासारखी दिसते: पत्तीच्या कडेने उठलेल्या बारीक रेघा, बोर्डाभोवतीचा उंचवटा, मधेच एक बशी. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने गोल केला. ही उठाठेव पश्चिमेच्या खिडकीमुळे आहे. तिथलं संध्याकाळचं ऊन बाजूच्या भिंतीला असंच घासून जातं आणि फिक्या रंगावर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. गडद रंगात हे कमी खुपतं.

१७ नोव्हेंबर

गोल केलेल्या जागा दुरुस्त. धूळ पुसून प्रायमरचा एक हात. पुट्टी पाणी पिते, आणि जागोजाग कमीजास्त पिते. प्रायमर नसेल तर वरचा रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो.

१८ नोव्हेंबर

हिशेब. बैठक १४ × १२ फूट, उंची साडेनऊ. भिंतींचा घेर ५२ फूट, क्षेत्र ४९४ चौरस फूट. खिडकी-दारं वजा जाता साधारण ४००. चांगलं इमल्शन प्रायमर मारलेल्या भिंतीवर लिटरला एका हाताचं १० ते १२ चौरस मीटर जातं, म्हणजे सुमारे ११० ते १३० चौरस फूट. दोन हात धरले तर निम्मं. साडेसात लिटर लागणार, जोडकामासकट (नंतर डाग-ओरखडे झाकण्यासकट) आठ घ्यायचे. उरलेला रंग वाया जात नाही, कमी पडलेला मात्र गोत्यात आणतो.

यंत्रावर शेड बनवून घेतली आणि सूत्राची चिठ्ठी मागून घेतली. पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा, बस. पिवळा आणि लाल हे दोन्ही लोखंडाचेच, म्हणजे पिवडी आणि काव यांचे कारखान्यातले भाऊबंद. पिवडी भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते, इतकं जवळचं नातं. हे रंग उन्हाने उडत नाहीत आणि गिलाव्यातल्या चुन्याच्या अल्कलीलाही दाद देत नाहीत. पिवळ्या झाकेच्या काही शेड सेंद्रिय पिवळ्यावर बनतात. त्या दिसायला जास्त स्वच्छ असतात, पण उन्हाच्या खिडकीशेजारी मला हा मातीतला पिवळाच बरा वाटतो.

१९ नोव्हेंबर

छत. ‘सुपर व्हाइट’ म्हणून मिळणाऱ्या रंगात बहुधा किंचित निळा घातलेला असतो. ऊबदार भिंतीवर तसं छत ठेवलं की छत निळं आणि भिंत कळकट. म्हणून छताला पिवळट झाकेचा पांढरा, पूर्ण मॅट. भिंतीचीच शेड पाव तीव्रतेने बनवून छताला लावणं हाही पर्याय होता, पण बोळाचं छत ठेंगणं आहे, तिथे ते आणखी खाली आल्यासारखं वाटलं असतं.

२१ नोव्हेंबर

बैठक आणि बोळाचा पहिला हात. एका जागेचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घेतले. यंत्र कितीही अचूक असलं तरी दोन डब्यांत केसभर फरक राहू शकतो, आणि भिंतीच्या मध्यावर डबा बदलला तर तो रेघेसारखा दिसतो. भांडून घेण्यापेक्षा बादली बरी.

कडा ब्रशने, लगेच मागून रोलर. एका भिंतीच्या सगळ्या कडा आधी उरकून रोलर तासाभराने फिरवला तर कडेची चौकट वेगळी दिसते. ओली कड ओल्यातच मिळाली पाहिजे. पंखे बंद ठेवले, एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता.

पहिल्या हातानंतर भिंत भयंकर दिसते. ढगाळ, कुठे गुलाबी, कुठे पांढरी. घरातल्यांना खोलीत येऊ दिलं नाही.

२२ नोव्हेंबर

दुसरा हात. बैठकीला मॅट, बोळाला सौम्य चमकेचं इमल्शन, कारण बोळात भिंतीला हात लागतात आणि ती पुसावी लागणार. शेड आणि सूत्र तेच, तरी दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बोळाकडची बाजू अर्ध्या घराने गडद दिसते. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, वरच्या वर पांढरा उजेड विखुरतो आणि रंग थोडा धुवून टाकतो. गुळगुळीत पृष्ठभाग तो उजेड एका दिशेला परतवतो, बाकीच्या कोनांतून रंग घट्ट दिसतो. हा फरक धरूनच दोन्हींची सीमा कमानीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली होती, सपाट भिंतीवर नाही.

२४ नोव्हेंबर

मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, स्वतःवर दुमडत हळू ओढून काढली. स्कर्टिंगवर एका जागी रंग आत झिरपला होता, ओल्या फडक्याने निघाला.

२९ नोव्हेंबर

सामान परत जागेवर. सोफा आल्यावर भिंत अपेक्षेपेक्षा उजळ वाटली, गडद तपकिरीची कृपा. जुने पांढरेशुभ्र पडदे मात्र आता उपऱ्यासारखे दिसतात. त्यांच्या जागी न रंगवलेल्या सुताचे जाड विणीचे लावले. त्या कापडाचा मूळ रंग भिंतीच्याच घराण्यातला आहे, पण विणीमुळे भिंतीत मिसळून जात नाही. अशा रंगांच्या खोलीत रंगाचा फरक कमी असतो, म्हणून पोताचा फरक लागतो. नाहीतर सगळं एकाच पिठात बुडवल्यासारखं होतं. एक गडद गोष्टही हवी होती. काळ्या चौकटीचा आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. त्याच्या काळ्यामुळे भिंतीची ऊब नेमकी कळते.

ओलीची भिंत पुन्हा प्लास्टिक लावून बघितली. भिंतीकडची बाजू कोरडी. मागची खोली आता हातात घेता येईल. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, पाण्याने धुवायचे नाहीत. धुतले की विरघळून परत आत जातात.

१४ डिसेंबर

मागची खोलीही झाली. सकाळी साडेनऊला तिथे उभं राहून बघितलं: ६७ ची शेड निळसर उजेडात पुष्कळ शांत होते आणि बैठकीतल्या ७१ च्या जवळ येते. दारातून दोन्ही खोल्या एकदम बघणाऱ्याला शेड वेगळ्या आहेत हे सांगावं लागतं. ह्यांनी अजून पाहुण्यांना तरी सांगितलेलं नाही.

बोळात स्विचबोर्डाशेजारी बोटांचे डाग पडायला लागले आहेत. इमल्शन वरून तासाभरात वाळतं, पण आतून पूर्ण पिकायला काही आठवडे जातात. त्याआधी घासलं तर तिथे चमक उठते आणि डागापेक्षा ती जास्त दिसते. म्हणून बोळ पुसणं या महिनाअखेरीपर्यंत बंद.

उरलेला रंग मूळ डब्यात न ठेवता छोट्या बरणीत गळ्यापर्यंत भरला, हवा जितकी कमी तितकी वर साय कमी धरते. बरणीवर खोली, शेडचा क्रमांक, चमक, तारीख आणि सूत्राच्या चिठ्ठीची प्रत. जोडकाम करताना मूळचंच हत्यार वापरायचं, म्हणून छोटा रोलरही धुवून सोबत ठेवला.

राहिलंय ते मागच्या खोलीतलं कपाट. त्याचा सनमायका निळसर पांढरा आहे आणि नव्या भिंतीशेजारी फार थंड वाटतो. गुळगुळीत सनमायक्यावर इमल्शन सरळ धरत नाही, आधी घासून चमक मारावी लागेल आणि घट्ट चिकटणारा प्रायमर द्यावा लागेल. ते जानेवारीत.